पेलाभर दूध की गाभण कालवड?

दोस्तांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक कोडं घालतो. गणितातलं नाही, घाबरू नका!

समजा, तुमच्या पुढ्यात दुधाचं मोठं पातेलं आहे. हातात ओगराळं आहे. समोर लहान मुलांची रांग लागली आहे आणि प्रत्येकाच्या हातात रिकामा पेला नाहीतर डबा आहे. पातेल्यात दूध आहे ऐंशी जणांना पुरेल एवढं आणि रांगेत मुलं आहेत शंभर. सांगा, काय कराल?

‘पाणी घालू!’ असं निदान निम्म्या जणांनी तरी मनात म्हटलं असणार. पण हे दूध मुळात भुकटीचं, पाण्यातच कालवलेलं. आणखी पाणी घातलं तर त्याला दूध कोण म्हणेल? ‘मग प्रत्येकाला थोडं थोडं कमी देऊ!’ ठीक. आजचा दिवस निभावला. पण उद्या रांगेत दीडशे मुलं आली तर? आणि परवा भुकटीच संपली तर?

आकडे माझे आहेत, पण प्रसंग खरा आहे. स्पेन देशात १९३६ साली यादवी युद्ध पेटलं. निवडून आलेलं सरकार एका बाजूला, जनरल फ्रँको आणि त्याचं बंडखोर सैन्य दुसऱ्या बाजूला. एकाच देशातली माणसं एकमेकांवर गोळ्या झाडत होती. गावंच्या गावं उठून निघाली, शेतं ओस पडली, गुरं कापली गेली. पोरांच्या पोटात अन्न नाही अशी अवस्था आली. अशा वेळी, १९३७ साली, अमेरिकेतून काही माणसं तिथे दूध आणि कपडे वाटायला गेली. त्यांत डॅन वेस्ट नावाचे एक गृहस्थ होते. ओगराळं हातात घेऊन त्या रांगेपुढे ते रोज उभे राहायचे.

रोज दूध कमी पडायचं. बरं, आज ज्याला पेलाभर दूध मिळालं त्याला उद्या पुन्हा रांगेत यायचंच होतं. डॅन वेस्ट शेतीत रुळलेले. त्यांच्या मनात एक अगदी साधा विचार आला, इतका साधा की आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्यालाही तोच सुचला असता. या पोरांना पेला कशाला द्यायचा? यांच्या घरी गायच का नको?

पाय धुणारी मंडळी

हे डॅन वेस्ट होते तरी कोण? त्यांचा जन्म १८९३ सालचा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. काही वर्षं त्यांनी शाळेत मास्तरकी केली. पुढे ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ या ख्रिस्ती पंथासाठी ते पूर्णवेळ काम करू लागले, तेही मुख्यतः तरुण मुलामुलींमध्ये.

‘ब्रदरन’ म्हणजे बंधुजन. या पंथाची सुरुवात १७०८ साली जर्मनीतल्या श्वार्त्सेनाऊ नावाच्या छोट्या गावात झाली. तिथल्या एडर नदीत आठ जणांनी बाप्तिस्मा घेतला, एवढीच त्यांची पहिली मंडळी. पुढे तिथल्या राजेरजवाड्यांच्या जाचाला कंटाळून ती माणसं अमेरिकेत गेली आणि बहुतेक जण शेतकरी झाले. त्यांच्या दोन गोष्टी तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढे त्या उपयोगी पडणार आहेत.

पहिली गोष्ट : युद्ध करायचं नाही. राजाने सांगितलं, सरकारने सांगितलं, तरी माणूस मारायचा नाही. ब्रदरन, मेनोनाइट आणि क्वेकर हे तीन पंथ यासाठीच प्रसिद्ध आहेत. पहिल्या महायुद्धात डॅन वेस्टना सक्तीचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनीही बंदूक चालवायला नकार दिला. लोक अशा माणसांना भित्रे म्हणायचे. काही ठिकाणी तर त्यांना तुरुंगात डांबलं गेलं. स्पेनमध्ये या तिन्ही पंथांच्या लोकांनी मिळून काम केलं आणि दोन्ही बाजूंच्या मुलांना दूध वाटलं. सरकारची बाजू घेणाऱ्याचं पोर आणि बंडखोराचं पोर, दोघांची भूक एकच, हा त्यांचा हिशोब!

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. या पंथात प्रीतिभोजनाचा विधी असतो. जेवणाआधी सगळे ओळीने बसतात आणि एक जण आपल्या शेजाऱ्याचे पाय धुतो, टॉवेलने पुसतो. मग तो शेजारी उठतो आणि त्याच्या पुढच्याचे पाय धुतो. अशी ती रांग सरकत जाते. म्हणजे ज्याने पाय धुवून घेतले त्याला नुसतं बसून राहता येत नाही, त्याने पुढच्याचे धुवायचे. पोरासोरांना त्यात हसूही फुटत असणार, आपण असतो तर आपल्यालाही फुटलं असतं. पण ही रांग डोक्यात ठेवा.

१९३८ साली डॅन वेस्ट घरी परतले. इंडियाना राज्यात त्यांची शेती होती. तिथल्या हिरव्यागार कुरणांत शेजाऱ्यांच्या धष्टपुष्ट गायी चरत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढून स्पेनमधली रांग हलत नव्हती. ते एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये, एका शेतकऱ्याच्या ओसरीवरून दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बोलू लागले. ‘एक कालवड द्या. आम्ही ती समुद्रापलीकडे पोचवतो.’

लोक काय म्हणाले असतील? इथे चमत्कार बिमत्कार काही झाला नाही, दोस्तांनो. लोकांनी शंका काढल्या. गाय बोटीत चढेल का? वाटेत मरेल. लष्करवाले खातील कापून. एवढ्या लांब कोण नेणार, पैसे कोण देणार? समिती बसली, मग दुसरी समिती बसली. आधी जवळच्या मंडळ्यांनी मान डोलावली, आणि सगळ्या पंथाने ही योजना आपली म्हणून स्वीकारली ती १९४२ साली. म्हणजे चार वर्षं गेली की नाही? मोठ्या माणसांच्या समित्या सगळीकडे सारख्याच!

कालवडच का?

तुमच्यातले जे गावाकडे वाढलेत त्यांना हे सांगायला नको. पण शहरातल्या दोस्तांसाठी सांगतो. कालवड म्हणजे एकदाही न व्यालेली तरुण गाय. इंग्रजीत तिला ‘हेफर’ म्हणतात आणि योजनेचं नावही तेच पडलं : हेफर प्रोजेक्ट.

मोठी दुभती गाय पाठवण्यापेक्षा गाभण कालवड पाठवण्यात फार शहाणपण आहे. ती वजनाला हलकी, बोटीत जागा कमी घेते. प्रवासात रोज धार काढायची कटकट नाही. नव्या गावात पोचली की थोड्या दिवसांत विते. म्हणजे घरात दूध सुरू, शिवाय वासरू. आणि ती तरुण असल्यामुळे पुढची कितीतरी वर्षं दूध देते.

पण खरी गंमत अटीत होती. जिला कालवड मिळाली त्या कुटुंबाने एक करार करायचा. तिला जी पहिली कालवड होईल ती वाढवायची आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या गरजू घराला देऊन टाकायची. (गोऱ्हा झाला तर? तर पुढच्या विताची वाट बघायची!) मग त्या दुसऱ्या घराने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला.

आपल्याकडे गोदान हा शब्द केवढा जुना आहे. पण गोदानात देणारा पुण्य मिळवतो आणि घेणारा गाय घेऊन घरी जातो, गोष्ट तिथे संपते. इथे घेणाराच वर्षा-दोन वर्षांत देणारा होतो. पाय धुण्याची ती रांग आठवली ना? डॅन वेस्टनी ही अट त्या रांगेवरूनच घातली असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण लहानपणापासून ज्याने ती रांग बघितली, त्याला असलीच अट सुचणार, असं मला वाटतं.

आणि ही अट काही हौसेखातर नव्हती. रांगेत उभं राहून फुकट दूध घेताना पोरांना काही वाटत नाही, पण त्यांच्या आईबापांना वाटतं. काल-परवापर्यंत जो स्वतःच्या गोठ्यातलं दूध विकत होता, त्याला डबा पुढे करताना मान खाली घालावी लागते. तुमच्या वर्गात कुणाला शाळेकडून फुकट वह्या मिळाल्या आणि सगळ्यांदेखत त्याचं नाव पुकारलं, तर त्याचा चेहरा कसा होतो ते तुम्ही पाहिलंच असेल. कालवड पुढे देणाऱ्याची मान मात्र ताठ असते. त्याच्यावर कुणाचे उपकार उरत नाहीत.

पहिल्या तीन वासरांची नावं ठेवली होती विश्वास, आशा आणि प्रीती. बायबलमध्ये ही तीन नावं एकत्र येतात, तिथून ती घेतली. शेतकऱ्यांनी वासरं दिली, दुसऱ्या कुणी दाणावैरण दिली, कुठे मुलांनी खाऊचे पैसे जमवून एखादी कालवड विकत घेतली आणि आपल्याच गोठ्यात वाढवली.

पण पाठवायची कुठे? तोवर दुसरं महायुद्ध भडकलेलं. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या दबा धरून बसलेल्या. स्पेन राहिला बाजूला, युरोपचा किनाराच बंद! मग ठरलं, जिथे जाता येतं तिथे जाऊ. १९४४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिण टोकाच्या मोबील बंदरातून सतरा कालवडी निघाल्या आणि कॅरिबियन समुद्रातल्या पोर्टो रिको बेटावर उतरल्या. तिथे उसाचे मळे उदंड, पण गरिबाच्या पोराला दूध मिळायची मारामार. त्या सतरा जणींत आपली ‘विश्वास’ही होती.

फक्त सतरा! भुकेल्या जगापुढे सतरा कालवडी म्हणजे काय? पण त्यांनी एक शंका कायमची मिटवली. गाय बोटीत चढते आणि उतरतेसुद्धा.

समुद्रावरचे गुराखी

१९४५ साली युरोपातलं युद्ध संपलं. पोलंड, ग्रीस, चेकोस्लोव्हाकिया अशा देशांत शेतकरी घरी परतले तर गोठे रिकामे. घोडे सैन्याने नेले, गायी खाल्ल्या गेल्या. नांगर ओढायला जनावर नाही. तिथे तेव्हा शेती ओढायची ती घोड्यांनी, आपल्याकडे बैल असतात तसे.

त्या वेळी जगातल्या अनेक राष्ट्रांनी मिळून एक मदत-संस्था काढली होती. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून तिला ‘अन्रा’ म्हणत. अन्राला युरोपात लाखो घोडे-गायी पोचवायच्या होत्या. तिच्याकडे जहाजं होती, पैसे होते. पण भर समुद्रात त्या जनावरांना दाणापाणी कोण करणार? जहाजावरचे खलाशी म्हणजे दर्यावर्दी माणसं, त्यांना शेण काढायला सांगितलं तर ते कसे ऐकणार?

आणि इकडे ब्रदरन मंडळींकडे कालवडी होत्या, शेतकरी होते, पण जहाजं नव्हती. झालं, सौदा जमला! ‘आम्ही तुम्हाला गुराखी पुरवतो. तुम्ही आमच्या कालवडी फुकट न्या.’

मग वर्तमानपत्रांतून, चर्चमधून, शाळा-कॉलेजांतून हाक गेली. दोन वर्षांत सुमारे सात हजार पुरुष आणि मुलगे या कामावर गेले. त्यांचं नावच पडलं ‘सीगोइंग काउबॉइज’, म्हणजे समुद्रावरचे गुराखी. त्यांत ब्रदरन होते, मेनोनाइट होते, इतर पंथांचे आणि कुठल्याच पंथाचे नसलेलेही होते. शेतकरी, मास्तर, पाद्री, कॉलेजकुमार. सगळ्यांत लहान किती वर्षांचे? सोळा! म्हणजे तुमच्यापैकी अकरावीतल्या ताईदादाएवढे. मिशीही न फुटलेली पोरं, ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता, ती एकदम अटलांटिक ओलांडायला निघाली.

मेहनताना? एका खेपेचे दीडशे डॉलर अन्राकडून. शिवाय कायद्याने जहाजावरचा कर्मचारी ठरावं म्हणून जहाज कंपनीचा पगार महिन्याला एक सेंट. हो, एकच सेंट! आपल्याकडचा नारळ आणि सव्वा रुपया म्हणा ना.

काम मात्र पोरखेळ नव्हतं. मोठ्या जहाजावर सात-आठशे घोडे असत. काही वर डेकवर, काही खाली जहाजाच्या पोटात, लाकडी खणांत दाटीवाटीने उभे. त्यांतले बरेचसे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळरानावरचे, माणसाळलेलेही नाहीत. जवळ गेलं की चावायचे. खणांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेतून पाण्याच्या बादल्या आणि गवताचे भारे घेऊन जायचं आणि दोन्ही बाजूंनी दात! एकाला पाणी पाजेपर्यंत मागून दुसऱ्याने शर्टाची बाही धरलेली.

पहिले दोन-तीन दिवस तर गुराखीच आडवे. समुद्र लागला की पोटातलं सगळं बाहेर येतं, आणि त्यात जहाजाच्या पोटातला तो वास! सातशे घोड्यांची लीद रोज उपसायची, दोरखंडाने वर ओढायची, समुद्रात टाकायची. वादळ आलं की जनावरं घसरून पडायची, पाय मोडायचे. काही मरायची. मेलेला घोडा क्रेनने उचलून समुद्रात सोडावा लागे. ज्याला कालपर्यंत आपल्या हाताने पाणी पाजलं त्याला असं लाटांत जाताना बघायचं. सोळा वर्षांच्या पोराला त्या रात्री जेवण गेलं असेल का?

उलट वाटेत कालवड व्याली की जहाजभर आनंदीआनंद. रात्रपाळीचा पहारेकरी धावत येऊन सगळ्यांना उठवायचा.

अशा तीनशे साठच्या आसपास खेपा झाल्या. १९४५ ते १९४७ या दोन वर्षांत तीन लाखांच्या आसपास जनावरं युरोपात पोचली. त्यांतली बहुतेक अन्राने विकत घेतलेली होती. हेफर प्रोजेक्टच्या भेटीच्या कालवडी त्यांत काही हजारच होत्या. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर सगळी जनावरं डॅन वेस्टनीच पाठवली असं तुम्हाला वाटायचं.

पोलंडला जाणारी जहाजं ग्दान्स्क शहराजवळ लागत. उतरल्यावर या पोरांनी काय पाहिलं? शहरच नव्हतं. मैलच्या मैल विटांचे ढिगारे, मधूनच एखादी भिंत, तिच्यात खिडकीचं भोक. अनवाणी मुलं धक्क्यावर गोळा व्हायची आणि खायला मागायची. अमेरिकेतल्या त्या पोरांनी आजवर युद्ध सिनेमात पाहिलं होतं. पडक्या घरातून बाहेर येणारी, आपल्याच वयाची मुलगी त्यांनी पाहिलेली नव्हती.

सगळेच गुराखी साधुसंत होते असं मात्र समजू नका हं. पोलंडमध्ये तेव्हा सिगारेटला सोन्याचा भाव होता. काही जणांनी घरून सिगारेटची खोकी नेली आणि तिथे अदलाबदल करून चैनीच्या वस्तू आणल्या. एकाच जहाजावर स्वतःचे बूट काढून देणारा आणि सिगारेट विकणारा, असे दोघेही एकाच खोलीत झोपत. मंडळीतल्या जाणत्यांना हे कळलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं, पण गुराखी पाठवणं त्यांनी थांबवलं नाही.

शेळीवाले काका

आता एक अवघड गोष्ट. पोलंड, ग्रीस हे देश युद्धात अमेरिकेच्या बाजूचे. पण जर्मनी आणि जपान? ते तर शत्रू! अमेरिकेतल्या ज्या घरातला मुलगा जपानशी लढताना मारला गेला, त्या घराने जपानी पोरांसाठी जनावर द्यायचं? तुम्ही दिलं असतं?

स्पेनमध्ये दोन्ही बाजूंना दूध वाटणाऱ्यांचं उत्तर ठरलेलंच होतं. जर्मनीतल्या निर्वासित कुटुंबांना कालवडी गेल्या आणि जपानला शेळ्या.

शेळ्यांच्या मागे हर्बर्ट निकलसन नावाचे एक क्वेकर मिशनरी होते. १९१५ पासून त्यांनी कितीतरी वर्षं जपानमध्ये काढली होती, जपानी भाषा त्यांना घरच्यासारखी येत होती. युद्ध सुरू होण्याआधी ते अमेरिकेत परतले. युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकन सरकारने आपल्याच देशातल्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उचलून छावण्यांत टाकलं. त्यांतले बरेच जण जन्माने अमेरिकन नागरिक होते. गुन्हा काय? चेहरा जपानी. निकलसन तेव्हा कॅलिफोर्नियात राहत होते. लोकांच्या शिव्या खात ते ट्रक भरभरून त्यांचं सामान, पुस्तकं, भेटवस्तू वाळवंटातल्या मान्झानार छावणीत पोचवत राहिले.

युद्ध संपल्यावर त्यांचं लक्ष गेलं ओकिनावा बेटाकडे. १९४५ साली तिथे घनघोर लढाई झाली होती. हजारो नागरिक मेले, गावं राखेत गेली, गुरं नाहीशी झाली. तिथे गाय पाठवून उपयोग नव्हता. शेतं लहान, चढउताराची, चारा कमी. अशा जागी शेळीच बरी, हे आपल्या डोंगराळ भागातल्या कुणालाही पटेल. गरिबाची गाय ती! मग हेफर प्रोजेक्टने दुभत्या शेळ्या जमवल्या आणि निकलसन काका स्वतः शेळ्यांबरोबर बोटीत बसून निघाले.

ओकिनावात आणि मग जपानमध्ये शेकडो शेळ्या शाळांना, अनाथाश्रमांना, घरांना मिळाल्या. जपानी मुलांनी या गोऱ्या म्हाताऱ्याला एक नाव ठेवलं, ‘यागी-नो-ओजिसान’. यागी म्हणजे शेळी आणि ओजिसान म्हणजे काका. शेळीवाले काका! पुढे त्यांची गोष्ट तिथल्या मुलांच्या वाचनात आली आणि निकलसन हे आडनाव विसरलं तरी शेळीवाले काका लक्षात राहिले.

कोरियातही असंच घडलं. तिथे १९५० ते १९५३ युद्ध झालं आणि कोंबड्या नाहीशा झाल्या. तेव्हा उबवायची अंडी चक्क विमानाने गेली. मागाहून मधमाश्यांच्या पेट्यासुद्धा गेल्या. विमानात मधमाश्या! पायलटला झोप आली असेल का, हा प्रश्न मला अजून छळतो.

आणि मग काय झालं?

जहाजं भरभरून गुरं पाठवायचे दिवस पुढे सरले. एवढा खर्च करून अमेरिकन गाय उष्ण देशात नेली तर ती ऊन सोसत नाही, तिकडचे रोग तिला लागतात, तिला लागणारा चारा तिथे उगवत नाही. जिथे माणसालाच पाणी डोक्यावरून आणावं लागतं तिथे गाय म्हणजे आणखी एक तहानलेलं तोंड. असे आक्षेप घेतले गेले आणि ते खोटे नव्हते. आपल्याकडच्या दुष्काळी भागात चारा छावण्या कशासाठी लागतात ते आठवून बघा. मग संस्थेने त्या त्या भागातलीच जनावरं घ्यायला, आणि जनावर देण्याआधी गोठा, चारा, औषधपाणी यांचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. १९५३ साली हेफर प्रोजेक्ट स्वतंत्र संस्था झाली. आज ती हेफर इंटरनॅशनल या नावाने काम करते. पहिलं पिल्लू पुढे देण्याची चाल मात्र तिने सोडली नाही.

तुम्ही म्हणाल, या ब्रदरन लोकांचा आपल्याशी काय संबंध? आहे ना! आपल्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणूला विचारा. याच पंथाचे मिशनरी १८९० च्या दशकात गुजरातेत बलसाडला आले आणि तिथून खाली डहाणूपर्यंत पोचले. तिथलं त्यांचं इस्पितळ जुन्या लोकांना चांगलं माहीत आहे. पुढे १९७० साली नागपूरला अनेक पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं, त्यात इथल्या ब्रदरन मंडळ्याही सामील झाल्या.

डॅन वेस्ट १९७१ साली वारले. गुराखी पोरं तर त्याआधीच आपापल्या घरी परतून शेतीला, कॉलेजला, नोकरीला लागली होती. त्यांनी काही मोठ्या सभा घेतल्या नाहीत, की छाती पुढे काढून मिरवलं नाही. कित्येकांनी घरातही फारसं सांगितलं नाही.

पेगी राइफ मिलर नावाच्या एका अमेरिकन बाईंना त्यांच्या वडिलांनी एक दिवस एक लिफाफा दिला. आत जुने फोटो होते. ढिगारे झालेलं शहर, जहाज, घोडे. आजोबांनी पोलंडच्या खेपेत काढलेले! आजोबा समुद्रावरचे गुराखी होते आणि त्यांच्या तोंडून नातीला त्याची गोष्ट कधी ऐकायला मिळाली नव्हती. तोवर आजोबा हयातही नव्हते. मग पेगीबाई कामालाच लागल्या. गावोगाव फिरून त्यांनी म्हाताऱ्या झालेल्या गुराख्यांना गाठलं, त्यांच्या आठवणी उतरवून घेतल्या, माळ्यावरच्या ट्रंका उघडायला लावल्या. २०१६ साली त्यांनी मुलांसाठी एक चित्रमय पुस्तक काढलं. त्यात जहाजावर घोडे आहेत, वादळ आहे आणि पोलंडला निघालेला एक तरुण गुराखी आहे.